आमची वाटचाल : एका रिजेक्ट लॉटची गोष्ट

1998 साली भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये एक जुनी लेथ आणि एक हायड्रॉलिक प्रेस, एवढ्यावर आम्ही दोघांनी कार्बन-फेनॉलिकचं, म्हणजे फेनॉलिक राळेत बसवलेल्या कार्बन कापडाच्या थरांचं काम सुरू केलं. पहिली आठ वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते 2006 च्या पावसाळ्याचं.

ऑर्डर होती उष्णता-कवचाच्या चाचणीसाठी लागणाऱ्या चकत्यांची. अवकाशातून परतणारं यान सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं, पुढची हवा दबून हजारो अंश तापते. लोक घर्षण म्हणतात, पण खरी आग त्या दबलेल्या हवेची. ती झेलताना फेनॉलिक करपतं, वायू सोडतं, वर कोळसा धरतं आणि आतलं वाचवतं. वायूला वाट मिळावी म्हणून तर कापडाचे थर तिरके लावायचे. आम्ही लावले होते. तरीही चाचणीतल्या प्लाझ्मा जेटसमोर, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतासमोर, 24 पैकी 19 चकत्या पापुद्र्यासारख्या उकलल्या.

चूक आमचीच. उणे 18 अंशांवर ठेवलेला प्रीप्रेगचा, म्हणजे राळ आधीच मुरवलेल्या कापडाचा रोल घाईत गार असतानाच पिशवीतून काढला, त्यावर दमट हवेचं पाणी धरलं. तापल्यावर त्याचीच वाफ झाली आणि थर सुटले.

लॉट रिजेक्ट, पैसे अडकले, बँकेचे फोन. त्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एकाने ती ऑर्डर निम्म्या भावात उचलली. आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीरही नेला. तेही सोसलं असतं, पण आमच्या जुन्या पार्ट्यांना फोन करून ‘त्यांचा माल फुटतो’ म्हणून सांगितलं. तो राग अजून गेलेला नाही. भागीदारानेही हिशेब मागितला. त्याच्या घरी लग्न होतं, त्याला बोल नाही.

शेडवर आले ते फक्त चाचणी घेणारे सर. जळकी चकती मधोमध कापून आणली होती: वर कोळसा, मधे करपट तपकिरी, खाली कोरा माल. मग खिशातून रुपया काढून आमच्या शिल्लक चकत्यांवर वाजवू लागले. टणटणली ती उजवीकडे, बद्द वाजली, म्हणजे आतून थर सुटलेली, ती डावीकडे. ‘‘अहो, आधी कानाने ऐका, मग पाठवा.’’

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं कर्ज नंतर काढा, आधी डीप फ्रीझर आणि त्याला जनरेटर घ्या. फेनॉलिकवर कूलंट मारू नका, माल पाणी पितो. डायमंड टूलने कोरडंच कापा, धूळ टूलपाशीच ओढून घ्या.

22 जानेवारी 2007 ला इस्रोची 550 किलोची एसआरई ही अवकाशातून परत आणायची कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकावर कार्बन-फेनॉलिक होतं. आमचा तुकडा त्यात नव्हता, तरी शेडमध्ये पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात सरांनी सहा चकत्या मागवल्या. सहाही पास झाल्या.

तो रुपया आज तपासणीच्या टेबलावर आहे. नव्या ऑपरेटरला पहिला आठवडा तोच हातात देतो, आणि त्या 19 चकत्यांचं खोकं समोर ठेवतो.