जनसुनावणीत नुसतं ‘खाण नको’ पुरत नाही

कोकणात एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण येणार म्हटलं की आधी मोर्चा निघतो. तो निघावाच. पण फाइलीत राहतं ते कागदावरचं.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेची, सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. खाणीच्या पर्यावरण परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत पाहायला मिळतो. मराठी सारांशावर थांबू नका, सारांशात प्रत्येक खाण निरुपद्रवीच असते.

अहवाल हातात आला की पाहणी कोणत्या महिन्यांत केली ते आधी बघा. सहसा ती एकाच हंगामाची असते, तीही पावसाळा वगळून. कोकणातला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि खाणीतली माती पऱ्ह्यांतून (ओढ्यांतून) खाडीत उतरते ती तेव्हाच. खडकावर गाळाचा थर बसला की कालवांची (खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांची) पिल्लं चिकटत नाहीत. तिसऱ्या या खाडीतल्या शिंपल्यांचंही तेच, गाळाखाली गुदमरतात. कासवांचं पाहा: वेळास, आंजर्ले, केळशीला ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. ऑक्टोबरात फिरून ‘कासव आढळले नाही’ लिहिलं तर ते खरंही असतं आणि निरुपयोगीही.

मासेमारीच्या आकड्यांतही अशीच भोकं असतात. नोंद होते ती बंदरावर उतरलेल्या मासळीची. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायकांकडे ना होडी, ना परवाना. म्हणून त्या आकड्यांत नाहीतच. सुनावणीआधी घरवार तक्ता करा: कोणते महिने, किती वाटे, कोणता बाजार, काय भाव.

हरकत लिहिताना अहवालातलं पान, तिथलं विधान, तुमचा पुरावा आणि मागणी, एवढंच लिहा. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देऊन पोच घ्या. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स दिल्यात तर इतिवृत्तात बहुधा एकच मुद्दा होतो. ‘आधी रस्ता, नोकऱ्या द्या’ असं तर चुकूनही लिहू नका, ती सशर्त संमती म्हणून वाचली जाते.

खनिज बोटीत भरायचा धक्का (जेटी) आणि वाहतुकीचा रस्ता वेगळ्या प्रस्तावात टाकलाय का, तेही तपासा. सडा किनारा नियमन क्षेत्राबाहेर (किनाऱ्यालगतच्या निर्बंधांच्या पट्ट्याबाहेर) असला तरी खाडीतला धक्का आत येतो. शिवाय धक्क्यावरचे रात्रीचे दिवे कासवांच्या पिल्लांना समुद्राऐवजी उलट दिशेला ओढतात. खाण आणि धक्का दोन्हींच्या एकत्रित परिणामाचा अभ्यास मागा.

सुनावणी संपताना मुद्द्यांचा गोषवारा मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तो ऐकल्याशिवाय मांडवातून उठू नका. सुटलेला मुद्दा तिथेच घालून घ्या. चित्रीकरणाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

इतकं करूनही मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते, त्यापुढे नाही. आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे. वकील मंजुरीआधीच ठरवून ठेवा.