चार वेगांची बाजू

रविवार, रात्री उशिरा

आज परत तोच वाद. ‘हेल्थ अँड एफिशियन्सी’ या रेकॉर्डची दुसरी बाजू ही नुसती भरती, की रेकॉर्डचा जीवच तिच्यात आहे? मी दुसऱ्या पक्षातली, पहिल्यापासून. पण आज घरच्या माणसांनी ती ऐकून जे काही सांगितलं, त्याने माझ्या म्हणण्याला चांगलीच धार आली. झोपायच्या आधी लिहून ठेवायलाच हवं.

रेकॉर्ड धिस हीट या बँडची, 1980 सालची. लंडनचे तिघे: ड्रम्सवर चार्ल्स हेवर्ड, गिटारवर चार्ल्स बुलेन आणि तिसरा गॅरेथ विल्यम्स, जो या दोघांना येऊन मिळाला तेव्हा त्याला कुठलंच वाद्य येत नव्हतं. तिथल्याच ब्रिक्स्टन भागात मीट पायचा एक कारखाना बंद पडला होता, त्याच्या कोल्ड रूममध्ये यांनी तालमीची आणि रेकॉर्डिंगची जागा केली. तिचं नावही कोल्ड स्टोरेजच. 1979चा पहिला अल्बम आणि 1981चा दुसरा, ‘डिसीट’, यांच्या मध्ये ही बारा इंची तबकडी येते. एका बाजूला एक रचना, दुसऱ्या बाजूला एक, बस्स.

पहिली बाजू म्हणजे उन्हाचं गाणं. सरळ उन्हालाच वाहिलेलं, आणि जुलैत दादरला भिंतींना ओल आलेली असताना ते ऐकायला फार बरं वाटतं. सुरुवातीला गिटार, ड्रम्स, गळा सगळंच मोकाट सुटलेलं असतं. मग गाणं गाता गाता थांबतं आणि तिघं एकच तुकडा धरून बसतात. तोच, परत तोच, परत तोच. आतून टेपवरचे आवाज येत राहतात. मला त्यात शाळेच्या मधल्या सुट्टीचा कालवा ऐकू येतो, वहिनीला बाटल्यांची किणकिण. वहिनीचं मत ठाम आहे: “सुरुवातीचं गाणं मला दे, पुढचं तुझं तू ठेव.” भाच्याचं बरोबर उलटं. त्याच्या मते गाणं हा नुसता दरवाजा, घर पुढे आहे.

शेजारचे काका चहाला म्हणून आले होते. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, 1982च्या संपापर्यंत. असल्या संगीताच्या वाटेला कधी गेलेले नाहीत. तो तुकडा सुरू झाला तसा त्यांनी कप खाली ठेवला. “हे साचेखातं आहे,” म्हणाले. मला वाटलं, गोंगाटाबद्दल बोलताहेत. तसं नव्हतं. शेकडो साचे एकदम चालू असले की नवख्याला सगळी एकच गडगड ऐकू येते, पण मुरलेल्या माणसाला आपल्या साच्याचा आवाज त्यातून वेगळा काढता येतो. धोट्याची लय जराशी चुकली तरी पाठमोरं असताना कळतं. “हा ढोलवाला दर वेळी थोडा वेगळा मारतोय बघ. एकसारखं नाहीये ते. परत लाव.” मी सुई मागे नेली. तुकडा तोच, पण हाताचा जोर सतत हलता. इतक्या वेळा ऐकलेली बाजू, आणि आज मला तिच्यातला माणसाचा हात ऐकू आला, तोही काकांमुळे. ही रेकॉर्ड तिकडे निघाली तेव्हा काका इथे पाळ्या करत होते.

आता दुसरी बाजू. ‘ग्राफिक/व्हेरिस्पीड’. ताल नाही, शब्द नाहीत, एकमेकांवर रेललेले लांबच लांब स्वर. आणि ती कुठल्याही वेगाने वाजवावी अशीच केलेली आहे: 16, 33, 45, 78, म्हणजे मिनिटाला इतके फेरे (16 आणि 33 नेमके म्हटले तर 16⅔ आणि 33⅓). आजच्या बऱ्याच प्लेयरवर 33 आणि 45 एवढेच वेग असतात. माझा प्लेयर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून आणून दुरुस्त करून घेतलेला, जुना, चारही वेगांचा. हे करून बघणाऱ्यांसाठी एक सांगते. 78 वर खटका टाकलात तरी सुई उलटून 78ची लावू नका. त्या जुन्या तबकड्यांची खाच रुंद असायची. हिची बारीकच आहे, वेग कुठलाही असो. सुई बदललीत तर रेकॉर्ड खरवडली जाईल.

मामांनी पेटी पुढे ओढली आणि आधी 33 वरचा मुख्य स्वर षड्ज धरला. 45 केल्यावर तोच स्वर शुद्ध मध्यमाच्या किंचित वर गेला. प्लेयर जुना असला तरी हिशोबही तेच सांगतो: 45 म्हणजे 33⅓ची 1.35 पट, म्हणजे पाच पट्ट्या आणि वर थोडंसं. 16 ला तो बरोबर एक सप्तक खाली, आणि बाजू संपायला दुप्पट वेळ. 45 वरचा स्वर षड्ज धरून 78 ला गेलो तर धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधोमध कुठेतरी. तिथे पेटीला पट्टीच नाही.

मामांचा आक्षेप इथेच होता, आणि तो वजनदार आहे. “आपल्याकडे विलंबितातून द्रुतात गेलं तरी षड्ज जागचा हलत नाही. इथे तुम्ही षड्जच उचलून नेला. मग धरायचं कशाला?”

मी त्यांना परत 16 वर ऐकायला लावलं. दोन जवळजवळचे स्वर एकमेकांना घासले की आंदोलनं उठतात. 33 वर ती नुसती थरथर वाटते. 16 वर निम्म्या गतीने येतात, मोजता येतात. 45 ला स्वराला खरखर येते, 78 ला तर कडाच फुटतात. षड्ज हलतो, वेळ हलतो, पण त्या दोन स्वरांमधलं नातं हलत नाही. धरायचं ते त्याला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तंबोरा लावताना आम्ही हेच ऐकतो.” तरी त्यांचं मत: हा कानाचा रियाज झाला, मैफल नव्हे. मला ते पटलेलं नाही. रियाज इतका सुंदर असेल तर तो लोकांपुढे का ठेवू नये?

भाचा फोनवर वेग कमी करून दाखवत होता. पण पॉडकास्ट ऐकताना वेग बदलतो तशी ती सोय: वेळ ताणला जातो, पट्टी तशीच राहते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ आणि ‘चेंज स्पीड अँड पिच’ हे दोन वेगळे पर्याय त्यासाठीच आहेत. या बाजूला हवा तो दुसरा. त्याने घरी जाऊन तसं करून बघायचं कबूल केलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बाजूला भरती म्हणणाऱ्यांनी ती बहुतेक एकाच वेगाने ऐकलेली असते. जेमतेम वीस मिनिटांची रेकॉर्ड, आणि त्या तिघांनी तिची एक अख्खी बाजू ऐकणाऱ्याच्या हातात देऊन टाकली. किती लांब, किती खोल, ते आपण ठरवायचं. इतका विश्वास श्रोत्यावर टाकणारे फार थोडे. म्हणून हल्ली कोणी ‘कंटाळवाणी’ म्हणालं की मी आधी विचारते, कितीवर ऐकलीस?

जाताना मामांनी विचारलं, वाद्य न येणाऱ्या त्या मुलाचं पुढे काय झालं? ‘डिसीट’ झाल्यावर विल्यम्स मंडळ सोडून भारतात आला, कथकली शिकायला. 2001 मध्ये गेला. मामांना कथकलीचं फार अप्रूप वाटलं. तिथे ताल शरीरात उतरवावा लागतो, असं काहीतरी चपला घालताना बोलत होते.

वहिनी अजून पहिल्या बाजूच्या सुरुवातीवरच अडलेली आहे. पण 16 चालू असताना ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली होती, ते मी पाहिलंय. पुढच्या वेळी क्रम उलटा लावायचा असं तिनेच सुचवलं: आधी दुसरी बाजू 16 वर, पूर्ण, आणि लगेच पहिली. कान तितके सावकाश झाल्यावर तो लांब तुकडा सहन होतो का, हे तिला बघायचंय. काकांनाही बोलावणार आहे.