प्रॉम्प्टच्या वहीतून : सातारा संस्थानाचे प्रकरण

या खेपेस नवे प्रॉम्प्ट (एआय चॅटबॉटला लिहून दिलेल्या सूचना) जमवण्याऐवजी एकाच प्रॉम्प्टची घडण तपासली. विषय एम. ए.च्या अभ्यासातला, पण आमच्या साताऱ्याचाच घेतला, कारण घरच्या विषयातली गफलत चटकन ध्यानात येते.

‘सातारा संस्थान खालसा का झाले?’ एवढेच चॅटबॉटला विचारल्यावर दत्तकवारस नामंजूर करण्याच्या धोरणावर सुबक परिच्छेद मिळाला. मात्र १८३९ मध्ये पदच्युत झालेले प्रतापसिंह महाराज आणि १८४८ मध्ये निधन पावलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांची प्रकरणे त्यात एकमेकांत मिसळली होती. ‘सविस्तर सांग’ म्हटल्यावर सरमिसळ तशीच राहून फक्त लांबी वाढली. संभाव्य पुढचा शब्द जुळवत जाणारे हे यंत्र मळलेल्या वाटेनेच जाणार, म्हणून त्याला संदर्भग्रंथातला उतारा देऊन पुढील सूचना लिहिली :

‘या उताऱ्यापुरतेच बोल. त्यात नसलेल्या गोष्टीबद्दल “उताऱ्यात नाही” असे लिही. १८३९ आणि १८४८ च्या घटना वेगळ्या ठेव. उत्तर मी लिहीन. तू माझ्या प्रत्येक विधानाला पुरावा माग.’

खरी करामत शेवटच्या वाक्याची आहे. कसोटी म्हणून मी ‘आप्पासाहेबांचा दत्तक नाकारला गेल्यामुळे रंगो बापूजी लंडनला गेले’ असे खोटे विधान मुद्दाम पेरले. त्यावर, उताऱ्यानुसार ते प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी त्याआधीच गेले होते, मग या कार्यकारणाला आधार कोणता, असा नेमका प्रतिप्रश्न आला. परीक्षेच्या तयारीला आयत्या उत्तरापेक्षा अशी उलटतपासणी कितीतरी उपयोगी पडते.

‘तू नामवंत इतिहासतज्ज्ञ आहेस’ ही अनेकांची लाडकी सुरुवात मी वगळली, कारण माझ्या तुलनेत तिने केवळ भाषेचा थाट वाढला. संभाषण लांबले की ‘उताऱ्यापुरतेच’ हे बंधन सैल पडते, म्हणून काही प्रश्नांनंतर संपूर्ण सूचना पुन्हा चिकटवतो. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणतः अधिक टोकन (यंत्र मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागत असल्याने मोठा उतारा तोडून देणे सोयीचे जाते. संदर्भसूची मात्र त्याच्याकडे मागत नाही. अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि पृष्ठांकही ते आत्मविश्वासाने देते, तेव्हा त्या कामासाठी वाचनालयच बरे.

सध्या हीच सूचना परस्परविरोधी मते मांडणाऱ्या दोन उताऱ्यांवर वापरून पाहतो आहे. दोन्ही मतांचा गुळमुळीत समन्वय करण्याची त्याची खोड अजून मोडलेली नाही. ‘मतभेद कोठे आहे तेवढेच दाखव, निवाडा करू नकोस’ ही ओळ जोडल्यावर थोडा फरक पडला आहे.