गुलशन कुमार : दर्यागंजातून कॅसेटच्या बाजारात

दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या पंजाबी कुटुंबात गुलशन कुमार दुआ वाढले, आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला काय परवडते याची त्यांची अचूक जाण त्या गल्ल्यावरच घडली असावी, असे मला वाटते. ऐंशीच्या दशकात नामवंत कंपन्यांच्या कॅसेट सामान्यांना महाग पडत असताना त्यांच्या टी-सीरिज या संगीत कंपनीने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतली आणि ती स्वस्तात विकली. कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीने ही वाट मोकळी केली होती, तरी चाचेगिरीचे आरोप त्यांना कायमचे चिकटले. मूळ कलावंतांचा संताप मला रास्त वाटतो. मात्र अनुराधा पौडवाल यांची भक्तिगीते खेड्यापाड्यांत पोहोचली ती याच स्वस्त कॅसेटमुळे, हेही मान्य करायला हवे.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत अंधेरीतील मंदिराबाहेर गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. संगीतकार नदीम सैफी यांनी कटाचा आरोप नाकारला आणि ब्रिटिश न्यायालयाने त्यांच्या प्रत्यार्पणास नकार दिला. या हत्येसाठी दोषी ठरलेल्या अब्दुल रौफ मर्चंटची जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केली. कंपनीची धुरा मुलगा भूषण कुमार याने विशीही न गाठता खांद्यावर घेतली.