ती मागे वळून बघते आणि मागे कुणीच नसतं

पॅरिस-रुबे फाम, २०२१. दगडी रस्त्यांवरची सायकल रेस, बायकांची पहिलीच. ही रेस मी आत्तापर्यंत चार-पाच वेळा तरी बघितली असेल आणि दर वेळी पहिला दगडी सेक्टर, म्हणजे रस्त्याचा दगडांचा पट्टा, जवळ आला की अंगावर काटा येतो, कारण पुढे काय होणारे ते मला माहितीये आणि ब्रिटिश सायकलपटू लिझी डेग्ननला अजून माहिती नाहीये.

जरा मागून सांगते. उत्तर फ्रान्समधली ही रेस पुरुषांसाठी सुरू झाली १८९६ साली. बायकांना त्या दगडांवर उतरायला १२५ वर्षं लागली, त्यातही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेली रेस कोविडमुळे रद्द झाली, मग २०२१ च्या एप्रिलमधली पुढे ढकलली आणि शेवटी २ ऑक्टोबर २०२१ ला एकदाचा मुहूर्त लागला. दनाँहून निघायचं, रुबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या ट्रॅकवर, संपवायचं, ११६ किलोमीटर, त्यात दगडांचे १७ सेक्टर. दगड म्हणजे नीट बसवलेली फरशी नाही हं, शेतांमधून जाणारे जुने रस्ते, एक दगड वर आलेला तर शेजारचा खचलेला, मधल्या फटींत माती. आणि त्या दिवशी सगळं ओलं, म्हणजे मातीचा चिखल.

लिझी काही टीमची त्या दिवसाची लीडर नव्हती. तिच्या टीमकडे, ट्रेक-सेगाफ्रेडोकडे, एलिसा लाँगो बोर्गिनी होती, एलन व्हॅन डाइक होती, लिझीचं काम इतकंच की पहिल्या सेक्टरमध्ये पुढे राहायचं. हे काम बाहेरून फालतू वाटतं पण तसं नाहीये. दगडांवर एकीचं चाक घसरलं की मागच्या दहाजणी थांबतात नाहीतर पडतात, रस्ता अरुंद, बाजूने जायला जागा नाही, त्यामुळे पहिल्या पाचात असलं तर रेस जिवंत, पन्नासावं असलं तर अर्ध्या मिनिटात खेळ खलास. म्हणून ती पुढे गेली, आपल्या लयीत सेक्टर काढला, बाहेर येऊन मागे बघितलं तर कुणीच नाही! आणि रुबे अजून ८० किलोमीटरच्या पुढे.

आता इथे बरेच जण म्हणतात की नशीब, मागच्यांनी तिला जाऊ दिलं, पाठलाग केला नाही, म्हणून जिंकली. मला हे अजिबात पटत नाही. जाऊ दिलं हे खरं, इतक्या लांबून एकटी टिकणार नाही असं त्यांना वाटलं असणार आणि सपाट डांबरी रस्त्यावर ते बरोबरच ठरलं असतं, कारण ग्रुपमध्ये पुढचीच्या मागे राहून वारा चुकवता येतो आणि एकटीला तो सगळा अंगावर घ्यावा लागतो. पण दगडांवर वेग कमी होतो, प्रत्येकीला दगडांमधून आपापली वाट शोधावी लागते, त्यामुळे ग्रुपचा फायदा आटतो. एकटीला निदान समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो. शिवाय मागच्या ग्रुपमध्ये हिच्याच टीममेट, त्या कशाला पुढे येऊन ग्रुपचा वेग वाढवतील? बाकीच्या टीमनी एकमेकींकडे बघत वेळ घालवला आणि गॅप दोन मिनिटांच्या वर गेली. ही सगळी गणितं फिरवत, पाय न सोडता, ती जवळजवळ दोन तास एकटी होती. याला नशीब म्हणायचं?

मला सगळ्यात आवडतो तो क्षण म्हणजे शेवटच्या काही सेक्टरपैकी एकावर तिचं मागचं चाक चिखलात सरकतं. थोडंसं नाही, चांगलं आडवं जातं, सायकल तिरकी, आपण स्क्रीनसमोर ओरडतो गेली गेली, आणि ती ब्रेक मारत नाही, हँडलला हिसका देत नाही, सायकलला तिचं तिचं सावरू देते आणि पुढच्या पेडलला परत सरळ. तोपर्यंत मागून नेदरलँड्सची दिग्गज मारियान व्हॉस ग्रुपमधून सुटलेली, आणि व्हॉस सुटली की कुणाच्याही पोटात गोळा येतो.

पण ती पोचली. वेलोड्रोममध्ये ट्रॅकवर दीड चक्कर, आणि मग फिनिश लाइन. व्हॉस १ मिनिट १७ सेकंदांनी दुसरी, लाँगो बोर्गिनी तिसरी. लिझीने ग्लोव्हज घातले नव्हते, दगडांच्या दणक्यांनी तळहात सोलले होते आणि हँडलबारच्या टेपवर रक्ताचे डाग पडले होते. तो फोटो बघितला नसेल तर नक्की शोधून बघा. चिखलाने माखलेला चेहरा आणि ते हात, बाकी काही सांगायची गरज नाही.

पैशांचं मात्र सांगितलंच पाहिजे कारण ते अजून डोक्यात जातं. तिला विजेतीचं बक्षीस १५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुषांची रेस झाली, तिथे विजेत्याला ३०,००० युरो. हो, पुरुषांची रेस जास्त लांब असते, मान्य, पण वीसपट लांब नसते! मधला फरक तिच्या टीमने स्वतःच्या खिशातून भरला, चांगलंच केलं, त्याबद्दल टीमचं कौतुक आहेच. पण तो त्यांनी भरायचा नव्हता.