तुम्ही विचारलंत म्हणून: ससा न धरता नर की मादी?

माण तालुक्यात म्हसवडच्या माळावर मी पहाटे सशाच्या लेंड्या वेचताना दिसलो की मेंढरे राखणारी मंडळी हटकून विचारतात, “सर, ससा धरून उलटा केला की कळंल की! डीएनए कशापायी?”

प्रश्न रास्त आहे. मात्र धरूनही खात्री होत नाही, कारण रानसशाच्या नराचे वृषण बरेचदा पोटात ओढलेले असतात आणि मादीचा बाह्य अवयवही वरवर पाहता नरासारखाच दिसतो. शिवाय पकडलेला ससा धसक्याने दगावू शकतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

म्हणून लेंडी. शेळीची लेंडी लांबट, काळी, तुकतुकीत असते. सशाची गोल, किंचित चपटी, फिकट, आणि चुरली तर आत नुसता गवताचा भुसा. आतड्याच्या अस्तरातील काही पेशी तिच्या पृष्ठभागाला चिकटून येतात. त्यांतील डीएनए उन्हापावसाने लवकर खराब होतो, त्यामुळे ताजी लेंडी हातमोजे घालून, चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकावी लागते.

नराच्या वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे जनुक असते; त्याची ओळख १९९० मध्ये पटली. कोरोनाच्या काळात ज्याचे नाव घरोघरी पोचले त्या पीसीआर तंत्रानेच त्याच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो दिसतो का, ते पाहतात. तो दिसला की नर. दिसला नाही की मादी, असे मीही सुरुवातीला धरले आणि पहिल्या खेपेला माद्यांची संख्या अवाच्या सवा निघाली. नोंदवही पुन्हा चाळली, तेव्हा त्यांतील बहुतेक लेंड्या उन्हात पांढुरक्या पडलेल्या होत्या. तिथे मादी नव्हे, डीएनएच उरला नव्हता.

तेव्हापासून त्याच नळीत एक्स गुणसूत्रावरील एक तुकडाही शोधतो, कारण तो दोघांतही असतो. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक पट्टा उमटतो: दोन पट्टे उमटले तर नर, एक्सचा एकच उमटला तर मादी, काहीच उमटले नाही तर नमुना बाद. डीएनए अत्यल्प असल्याने वायचा तुकडा एखाद्या वेळी निसटतोही, म्हणून प्रत्येक नमुना निदान तीनदा तपासतो. लेंडी नसलेली एक कोरी नळीही सोबत चालवतो. वेचणारा मी स्वतः पुरुष आहे आणि माझाच डीएनए त्यात शिरला तर तो पकडला गेला पाहिजे. एक ससा दिवसाला शेकडो लेंड्या टाकतो, त्यामुळे दहा लेंड्या म्हणजे दहा ससे नव्हेत. तो हिशेब डीएनएच्या वेगळ्या खुणांवरून करावा लागतो.

मेंढरे घेऊन तुम्ही माझ्याआधी माळावर पोचता. कुसळीच्या गवतात ताज्या लेंड्या दिसल्या तर हात न लावता जागा तेवढी सांगा.