बंद करून चालू केलेला राउटर तपासून काय उपयोग?

भुसावळला आमच्याकडे फायबरची जोडणी घेतली, तेव्हा सुरुवातीचे काही महिने तक्रारीला जागा नव्हती. मार्च संपता संपता मात्र नेट मंदावू लागले. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की वेग पूर्ववत होई, आणि एक-दोन दिवसांत पुन्हा रडगाणे सुरू.

खरा मनस्ताप झाला तो तक्रार केंद्राचा. फोन उचलणारा प्रत्येक जण आधी राउटर बंद-चालू करायला लावी, मग वेग मोजायला सांगे आणि आकडा पूर्ण दिसला की "सर, तुमची लाइन ओके आहे" म्हणून मोकळा होई. पाठोपाठ तक्रार सोडवल्याचा संदेश मोबाइलवर येई. दोष दिसण्याची जी एकमेव वेळ, तीच हे लोक स्वतःच्या हाताने पुसून टाकत होते. ताप उतरवणारी गोळी देऊन मग थर्मामीटर लावावा, तसा हा प्रकार होता. दोष लाइनमध्ये नसून राउटरच्या पेटीत असू शकतो, हे मी परोपरीने सांगितले, पण त्यांच्यासमोरच्या प्रश्नावलीत तसा रकानाच नसावा. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मी ठरवले की, नेट मंदावले तरी राउटरला हात लावायचा नाही. लॅपटॉप वायफायवरून काढून केबलने थेट राउटरला जोडला. तरीही वेग तसाच रडत होता, म्हणजे शेजाऱ्यांच्या वायफायचा किंवा भिंतींचा प्रश्न निकालात निघाला. मग १९२.१६८.१.१ या राउटरच्याच पत्त्यावर पिंग लावले, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजले. केबलवर हे उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवे; आमच्याकडे ते शेकड्यांत येत होते आणि मधूनच येतही नव्हते. हातभर अंतरावरची पेटीच उत्तर देईना, तेथे बाहेरच्या लाइनला दोष कसा द्यायचा? त्याच अवस्थेत तंत्रज्ञाला बोलावून घेतले आणि लॅपटॉपचा पडदा दाखवला. "भाऊ, हे तर राउटरच दमलंय," असे तो लगेच म्हणाला.

जोडणी करणाऱ्याने राउटर टीव्हीच्या बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सला चिकटून बसवला होता. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. राउटर उघड्या भिंतीवर आणल्यावर त्रास कमी झाला, पण थांबला नाही. तो थांबला फर्मवेअर, म्हणजे राउटरमधली अंगभूत आज्ञावली, अद्ययावत केल्यावर. राउटरचे प्रशासकीय लॉगिन सेवा पुरवठादाराकडेच असल्यामुळे ते काम मला करता येण्यासारखे नव्हते. तंत्रज्ञाने ते काही मिनिटांत उरकले.

केबलवर वेग नीट आणि वायफायवरच मंद असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफायच्या लहरपट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे. रोज फक्त संध्याकाळीच वेग पडत असेल आणि बंद-चालू करूनही फरक पडत नसेल, तर गर्दी पुरवठादाराच्या जाळ्यावर असण्याची शक्यता अधिक. आणि तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक दर वेळी मागून लिहून ठेवावा, कारण समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि तेथे हा क्रमांक लागतो.